दाभोळ आणि वीजजाळ्याचे शिक्षण: स्मार्ट ग्रिड या विषयाची प्रस्तावना

वीजजाळे म्हणजे निर्मिती केंद्रे, पारेषण वाहिन्या, उपकेंद्रे, रोहित्रे आणि ग्राहकांची उपकरणे यांची एकाच तालात चालणारी जोडणी. ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल बिघडला की यंत्रांचा वेग बदलतो, आणि बिघाड मर्यादेबाहेर गेला की संरक्षक यंत्रणा वाहिन्या तोडू लागतात. स्मार्ट ग्रिड या नावाने आज ओळखली जाणारी व्यवस्था हाच तोल अधिक बारकाईने सांभाळते. जाळ्याच्या प्रत्येक पायरीवर मोजमाप, संदेशवहन आणि संगणन आणून, काय चालले आहे ते वेळेत कळावे आणि वेळेत प्रतिसाद देता यावा, एवढाच तिचा हेतू आहे. उपकरणे नवी आहेत, प्रश्न जुना आहे. म्हणून या विषयाचे शिक्षण उपकरणांच्या यादीपासून सुरू न होता तोलाच्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवे. त्यासाठी महाराष्ट्रात दाभोळच्या खाडीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

एका नदीवरची दोन केंद्रे

दाभोळ हे रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातले जुने बंदर. वाशिष्ठी नदी येथे समुद्राला मिळते. ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून देशभर गाजलेले वीजकेंद्र प्रत्यक्षात खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूर परिसरात उभे आहे. नाव मात्र समोरच्या बंदराचे लागले. याच वाशिष्ठीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी चिपळूण तालुक्यात पोफळी आणि अलोरे येथे कोयना प्रकल्पाची वीजगृहे आहेत. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून घाटाखाली उतरते, टर्बाइन फिरवते, कोळकेवाडीच्या जलाशयात येते, तिथे पुन्हा वीज देते आणि शेवटी वाशिष्ठीत सोडले जाते. कोयनेची वीज देऊन मोकळे झालेले पाणी चिपळूणवरून वाहत दाभोळच्या खाडीत पोहोचते. नदीच्या एका टोकाला पाण्यावरचे केंद्र आणि दुसऱ्या टोकाला वायूवरचे, असा हा योग आहे.

दोघांची क्षमता जवळपास सारखी आहे. कोयनेचे चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून १,९६० मेगावॉट होतात. दाभोळच्या केंद्राची क्षमता सुमारे १,९६७ मेगावॉट आहे. पण जाळ्याच्या दृष्टीने दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. कोयनेचे यंत्र काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भारावर येऊ शकते. मात्र कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली असल्याने हे केंद्र वर्षभर पूर्ण क्षमतेने चालवता येत नाही. म्हणून कोयनेचे पाणी सकाळ-संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून वापरले जाते. एक हजार मेगावॉटचा चौथा टप्पा तर मुख्यतः याच कामासाठी बांधला गेला. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी छिद्र पाडण्याचा, लेक टॅपिंगचा, प्रयोग यशस्वी झाला.

दाभोळच्या केंद्रात तीन संच आहेत. प्रत्येक संचात दोन वायू टर्बाइन आणि एक वाफेचे टर्बाइन असते. वायू टर्बाइनमधून बाहेर पडणारी अतितप्त हवा वाया न घालवता तिच्यावर वाफ तयार करायची आणि त्या वाफेवर आणखी वीज काढायची, ही संयुक्त चक्राची पद्धत. तिच्यामुळे इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा विजेत उतरते. या केंद्राला पाण्याच्या कोट्याची मर्यादा नाही; त्याला बांधून ठेवते ती इंधनाची किंमत.

क्षमता मेगावॉटमध्ये मोजतात आणि ऊर्जा युनिटमध्ये. क्षमता म्हणजे एका क्षणी किती देता येईल, ऊर्जा म्हणजे एकूण किती देता येईल. कोयना आणि दाभोळ शेजारी ठेवून पाहिले की हा फरक विद्यार्थ्याला सूत्राशिवाय समजतो. सारख्या मेगावॉटची दोन केंद्रे जाळ्यासाठी सारखी नसतात.

दाभोळ प्रकल्पाचा धडा

हा धडा पुरता न शिकण्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकी कंपन्यांच्या दाभोळ वीज कंपनीशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार केला. त्याआधी त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. राज्याच्या मागणीच्या मानाने ही भर फार मोठी आहे आणि अहोरात्र चालवायच्या पायाभूत विजेसाठी आयात वायू हा सर्वांत स्वस्त पर्याय नाही, असे बँकेचे मत होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटात गिरीश संत आणि शंतनु दीक्षित यांनी कराराचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण करून तो तोट्याचा कसा आहे हे आकड्यांनिशी मांडले. गुहागर परिसरातील ग्रामस्थांनी दीर्घकाळ आंदोलन केले. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून तो पुन्हा मार्गी लावला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर सुरू झाला.

कराराचा कणा होता क्षमता शुल्क. केंद्र ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध असले की मंडळाने वीज घेतली काय आणि न घेतली काय, हे शुल्क द्यावेच लागे. त्यातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. राज्याची मागणी मात्र दिवसभर सारखी नव्हती. रात्री ती उतरे तेव्हा एक तर स्वस्त कोळशाची केंद्रे मागे घ्यावी लागत, नाही तर दाभोळला न वापरलेल्या विजेचे पैसे द्यावे लागत. कमी वापरामुळे प्रत्येक युनिटवर पडणारा स्थिर खर्च वाढत गेला. जानेवारी २००१ मधील एका घटनेवरून मंडळाने कंपनीकडे ४०१ कोटी रुपयांचा दंड मागितला. मागणी नोंदवल्यावर करारातील तीन तासांच्या मुदतीत केंद्राने पूर्ण क्षमता दिली नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. कंपनीला ते मान्य नव्हते. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली आणि केंद्र बंद पडून राहिले. जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली आणि २००६ पासून केंद्र टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाले. पुढे देशांतर्गत वायूचा पुरवठा घटला तेव्हा ते पुन्हा थंडावले; २०१५ च्या अखेरीपासून रेल्वेला वीज पुरवून त्याला काही काळ आधार मिळाला.

हा इतिहास बहुधा राजकारण आणि भ्रष्टाचाराच्या चर्चेत सांगितला जातो. वीज अभियांत्रिकीच्या अभ्यासकाने तो आणखी एका अंगाने वाचायला हवा. तंत्रज्ञान म्हणून दाभोळची टर्बाइने आपल्या काळातली उत्तम यंत्रे होती. चूक झाली ती जाळ्याला कोणत्या वेळी कोणती वीज हवी आहे, हे न पाहता केलेल्या निवडीत. जे केंद्र गरजेच्या वेळी चढणारे-उतरणारे म्हणून उपयोगी पडले असते, ते अहोरात्र चालण्याच्या हिशेबाने बांधले आणि तसेच विकत घेतले गेले. मागणीचा आलेख, इंधनाचा खर्च, यंत्राचा चढण्याचा वेग आणि कराराची कलमे ही एकाच गणिताची पदे आहेत. त्यातले एक जरी वगळले तरी उत्तर चुकते.

पन्नास हर्ट्‌झचा तोल

भारतातील वीजजाळे ५० हर्ट्‌झ वारंवारतेवर चालते. दोन ध्रुवांचे जनित्र त्यासाठी मिनिटाला ३,००० फेरे घेते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे किंचित मंदावतात, घटली की वेग घेतात. वारंवारता ही त्यामुळे संपूर्ण जाळ्याची नाडी आहे. दाभोळच्या खोलीतला पंखा आणि दिल्लीतला पंप यांना मिळणारी वारंवारता आज एकच असते, कारण ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि भारत एकतालात आला.

एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले तर पहिल्या काही सेकंदांत जाळे तगते ते फिरत्या यंत्रांच्या जडत्वावर. हात थांबला तरी जाते लगेच थांबत नाही, त्याच न्यायाने शेकडो टनांची रोटर चक्रे आपली साठलेली गती जाळ्याला देत राहतात. त्यानंतर प्रत्येक जनित्राचा गव्हर्नर, म्हणजे वेगनियंत्रक, आपोआप वाफ किंवा पाणी वाढवतो. मग जाळ्याच्या तोलावर देखरेख ठेवणाऱ्या भारप्रेषण केंद्राकडून आलेल्या संदेशांनी निवडक केंद्रे वारंवारता पूर्ववत करतात आणि शेवटी राखीव क्षमता कामाला लावून ही केंद्रे मोकळी केली जातात. सेकंद, मिनिट आणि तास अशा तीन मापांवर चालणारी ही साखळी समजली की पुढचा सगळा विषय तिच्याभोवती बसतो.

वारंवारता सांभाळण्यात पैशाचा वाटाही तितकाच महत्त्वाचा. २००२ पूर्वी जाळ्याच्या पश्चिम विभागात वारंवारता कधी ४९ हर्ट्‌झखाली उतरे, तर कधी ५१ च्या वर जाई. १ जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित दररचना लागू झाली. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडले गेले. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्याला, वारंवारता जितकी खाली तितका जास्त दर भरावा लागू लागला. यंत्रे तीच होती, तरी जाळ्याला शिस्त आली, कारण बिघाडाची किंमत बिघाड घडतानाच मोजली जाऊ लागली. आज वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यात राखणे अपेक्षित आहे.

या व्यवस्थेची कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. टाळेबंदीत रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातले दिवे बंद ठेवण्याचे आवाहन झाले होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली आणि तितक्याच झपाट्याने परत चढली. जलविद्युत केंद्रांनी मुख्य भार उचलला आणि वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्‌झच्या दरम्यान राहिली. याउलट ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी विजेची ओढ अनावर होऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे जाळे कोसळले होते, सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात अंधार झाला होता. या दोन घटना वर्गात एकत्र अभ्यासल्या तर आगाऊ नियोजन आणि वेळेवर मिळणारी माहिती यांचे मोल वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

जाळ्याला मिळालेली नवी नजर

स्मार्ट ग्रिडचे काम तीन थरांत पाहता येते: पारेषण, वितरण आणि ग्राहक.

पारेषणाच्या थरात वीज उच्च दाबाने दूरवर जाते. १०० मेगावॉट वीज ४०० केव्हीवर (किलोव्होल्टवर) नेण्यास सुमारे १४४ अॅम्पियर प्रवाह पुरतो. तीच ११ केव्हीवर न्यायची तर ५,२०० हून अधिक अॅम्पियर लागतील. तारेतील तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणूनच दाभोळच्या केंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या ४०० केव्हीच्या आहेत; त्या एकीकडे कोयनेकडे आणि दुसरीकडे रायगड जिल्ह्यातील नागोठण्याकडे जातात. विदर्भातील कोळशाची वीज मुंबईकडे आणण्यासाठी चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून काम करते आहे. अशा वाहिन्यांची स्थिती पूर्वीच्या यंत्रणेत काही सेकंदांच्या अंतराने कळे. आता महत्त्वाच्या उपकेंद्रांत बसवलेले फेजर मापक उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला अनेकदा विद्युत्दाब आणि त्याचा कोन मोजतात. शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन टोकांचा कोन एकाच क्षणी कळला की जाळे डळमळू लागल्याची चाहूल कोसळण्यापूर्वी लागते.

वितरणाचा थर हा लोकांच्या सर्वांत जवळचा आणि आजवर सर्वांत आंधळा राहिलेला. कोकणात त्याची अडचण विशेष आहे. वाड्या विखुरलेल्या, डोंगर-खाड्या मधे आलेल्या, पावसाळा चार महिन्यांचा. ११ केव्हीचा एक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी वाहिनी, आंबा-काजूच्या बागांतून आणि जंगलातून कित्येक किलोमीटर जातो. एखादी फांदी पडली की उपकेंद्रातला ब्रेकर तुटतो, सगळ्या गावांची लाईट जाते आणि बिघाड नेमका कुठे आहे ते शोधत वायरमनला भर पावसात लाईन तुडवत जावे लागते. खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, तो निराळाच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांत खांब, तारा आणि रोहित्रे मोठ्या प्रमाणावर पडली. अनेक गावांना विजेसाठी दीर्घकाळ थांबावे लागले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेले आणि वीजपुरवठा खंडित झाला.

अशा प्रदेशात स्मार्ट ग्रिडची खरी उपयुक्तता कळते. वाहिनीवर ठिकठिकाणी बिघाडदर्शक बसवले तर दोष कोणत्या दोन खांबांच्या टप्प्यात आहे ते कार्यालयात कळते. आपोआप जोडणारे ब्रेकर क्षणिक दोष स्वतःच दूर करतात. विभाजक स्विच दोषाचा तुकडा वेगळा काढतात आणि उरलेल्या गावांना दुसऱ्या बाजूने वीज देतात. डीपीवर, म्हणजे गावातल्या रोहित्राच्या ठिकाणी, मीटर असला तर रोहित्र जळण्याआधी त्याच्यावरचा जादा भार दिसतो. पण वादळात संदेशवहनाचे मनोरेही पडतात, हे विसरून चालत नाही. म्हणून खांब, तारा आणि पूररेषेच्या वर बांधलेले उपकेंद्र आधी, संगणक नंतर, हा क्रम कोकणाने सर्वांना शिकवावा असा आहे. कमकुवत जाळ्यावर हुशारीचा थर चढवून ते मजबूत होत नाही.

ग्राहकाच्या थरात स्मार्ट मीटर येतो. तो ठराविक अंतराने वापर नोंदवतो आणि ती नोंद दुरून वाचता येते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी असे मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. महाराष्ट्रात आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरला मोठा विरोध झाला आणि २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढे नेहमीच्या पद्धतीनेच बिल देणारे, पण वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर आले. दिवसा ९ ते ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर घरगुती ग्राहकांना सवलत देण्याचे धोरणही आले. लोकांच्या शंका अज्ञानातून येतात असे समजणे बरोबर नाही. मीटरचा खर्च कोण सोसतो, वापराची माहिती कोणाच्या हाती राहते, चूक झाल्यास दाद कुठे मागायची, हे नागरिकांचे रास्त प्रश्न आहेत. अभियंत्याला त्यांची उत्तरे देता आली पाहिजेत, आणि ती त्याच्या शिक्षणातच यायला हवीत.

सूर्याची वीज आणि संध्याकाळचा चढ

गेल्या दशकात तोलाचा प्रश्न नव्या रूपात आला आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली. महाराष्ट्राची उन्हाळी मागणी ३० हजार मेगावॉटच्या घरात जाते. दुपारी सौर वीज भरपूर असते, सूर्यास्तानंतर ती शून्यावर येते आणि नेमकी तेव्हाच घराघरांतली मागणी वाढते. दोन-तीन तासांत हजारो मेगावॉटची भरपाई करावी लागते. शिवाय सौर केंद्रे इन्व्हर्टरद्वारे जोडली जातात. त्यांच्यात फिरते रोटर नसल्याने जाळ्याचे नैसर्गिक जडत्व घटते. ते इन्व्हर्टरच्या नियंत्रणातून आणि बॅटरीतून कसे मिळवायचे, हा आजच्या संशोधनाचा मुख्य विषय आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाला एक वेगळे उत्तर शोधले. शेतीपंपांना वर्षानुवर्षे रात्री वीज मिळत असे आणि शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यावे लागे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवण्याचा मार्ग घेतला. सूर्य असतो तेव्हाच मागणी आणणे, हा तोल साधण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उरलेली दरी साठवणुकीने भरावी लागते. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प स्वस्त विजेवर पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज देतो. भिरा येथेही असा संच आहे. कोयनेसारखी झटपट चालणारी केंद्रे आणि वायू परवडेल तेव्हा दाभोळसारखी केंद्रे यांचे मोल या नव्या परिस्थितीत वाढते. १९९३ मध्ये पायाभूत वीज म्हणून महाग ठरलेले यंत्र २०२० च्या दशकात संध्याकाळचा चढ चढण्यासाठी विचारात घ्यावे लागते, ही गोष्ट विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावी.

जोडलेल्या जाळ्याची जोखीम

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि परिसरात वीज गेली, लोकल गाड्या थांबल्या. कळवा-पडघे परिसरातील ४०० केव्ही वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या, उरलेल्या भार न पेलून तुटल्या. मोठ्या जाळ्यापासून वेगळे होऊन शहर स्वतःच्या केंद्रांवर तगावे, यासाठी १९८० च्या दशकापासून मुंबईत असलेली बेट-व्यवस्था त्या दिवशी अपुरी पडली. या घटनेमागे सायबर हल्ला होता का, यावर बरीच चर्चा झाली; केंद्रीय वीजमंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारण काहीही असो, जे उपकरण दुरून चालवता येते ते दुरून बिघडवताही येते. संरक्षण रिलेचे समायोजन, देखभालीचे वेळापत्रक आणि संगणकीय सुरक्षितता ही यापुढे एकाच अभ्यासक्रमाची प्रकरणे मानावी लागतील.

शिकवावे कसे

वीज अभियांत्रिकीच्या शिक्षणाची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासून, मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्था १८८७ पासून, सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था १९६० पासून अभियंते घडवत आल्या आहेत. नागपुरात राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. दाभोळच्या परिसरापुरते बोलायचे तर रत्नागिरीचे शासकीय तंत्रनिकेतन, आंबव आणि लवेल येथील अभियांत्रिकी महाविद्यालये आणि लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ याच कोकणपट्टीत आहेत. संस्थांची उणीव नाही. उणीव आहे ती विषय जोडून शिकवण्याची. यंत्रे एका सत्रात, पारेषण दुसऱ्या, संरक्षण तिसऱ्या आणि दररचना कुठेच नाही, अशा वाटणीने शिकलेला पदवीधर सूत्रे जाणतो, पण जाळे पाहू शकत नाही.

यावर काही मार्ग सुचतात. पहिला, क्रमाचा: मागणीचा आलेख, वारंवारतेचा तोल, यंत्र, वाहिनी, संरक्षण, माहितीचे जाळे आणि शेवटी किंमत. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने उभ्या केलेल्या प्रश्नाला उत्तर देते. दुसरा, खऱ्या आकड्यांचा: भारप्रेषण केंद्रांच्या संकेतस्थळांवर वारंवारता, मागणी आणि निर्मिती यांचे आकडे जाहीर असतात. विद्यार्थ्याने एका दिवसाचे ९६ आकडे उतरवून आलेख काढला आणि संध्याकाळचा चढ कोणत्या केंद्रांनी भरला ते शोधले, तर मोठा पल्ला गाठला जातो. तिसरा, प्रयोगशाळेचा: वितरणजाळ्याची संगणकावर प्रतिकृती मांडणारी ओपनडीएसएससारखी मोफत साधने साध्या संगणकावर चालतात. त्यांत दापोलीतला एखादा फीडर मांडून त्यावर छतावरची सौर वीज वाढवत गेले, की टोकाच्या घरात विद्युत्दाब कसा चढतो ते दिसते. त्याच्याच जोडीला खरा रिले, खरे रोहित्र आणि खरी अर्थिंग हाताळली गेली पाहिजे. पडद्यावर शॉक बसत नाही.

चौथा मार्ग करारांच्या वाचनाचा. दाभोळचा वीजखरेदी करार, त्यावरची टीका आणि वीज नियामक आयोगाचे आदेश हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने वाचायचे साहित्य आहे. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, वीज कायदा २००३ आला, २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण असे विभाजन झाले. तेव्हापासून दराचे निर्णय जाहीर सुनावणीत होतात आणि तिथे आकडे समजणाऱ्या नागरिकाला बोलता येते.

पाचवा मार्ग भाषेचा आणि माणसांचा. जाळे प्रत्यक्ष चालवतात ते आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन आलेले तरुण, यंत्रचालक आणि खांबावर चढणारे जनमित्र. बिघाडदर्शक, स्मार्ट मीटर, दुरून चालणारे स्विच त्यांच्याच हाती येणार आहेत. छतावर सौर वीज असलेल्या घरातून बंद लाईनवर उलटी वीज येऊ शकते, ही बाब त्यांना कळलेली नसेल तर जीव जाऊ शकतो. म्हणून हे ज्ञान त्यांच्या बोलीत, फेज, न्यूट्रल, डीपी, फीडर या त्यांच्याच शब्दांत, पण नेमकेपणा न गमावता मांडले गेले पाहिजे. तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेसाठी मराठी-इंग्रजी द्विभाषिक पर्याय दिला आहे. त्याला साजेशी पाठ्यपुस्तके, सोडवलेली उदाहरणे आणि महाराष्ट्रातल्या घटनांचे अभ्यास तयार करणे हे शिक्षकांचे आणि निवृत्त अभियंत्यांचे काम आहे. कोयना, दाभोळ, कळवा आणि चंद्रपूर येथे आयुष्य काढलेल्या माणसांचा अनुभव लिहून निघाला नाही, तर पुढची पिढी त्याच चुका नव्या उपकरणांसह करील.

स्मार्ट ग्रिड हा विषय अखेर वेळेवर योग्य निर्णय घेण्याचा विषय आहे. मोजमाप, संदेशवहन आणि संगणक त्या निर्णयाला आधार देतात, त्याची जागा घेत नाहीत. यंत्र, दर आणि माणूस यांचा एकत्र विचार करणारा अभियंता व तंत्रज्ञ घडवणे हे या शिक्षणाचे उद्दिष्ट असले पाहिजे, आणि महाराष्ट्रातील प्रत्येक तंत्रनिकेतनाने व महाविद्यालयाने त्याची सुरुवात आपल्या गावाच्या फीडरपासून करावी.